काठी पडते, तेवढं बघा

शाळेत त्यांना सगळे मिक्सरबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं, कारण ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. शिक्षिका होण्याआधी बरीच वर्षं त्या एका मोठ्या दुकानात, सरकत्या जिन्याच्या अगदी तोंडाशी उभ्या राहून मिक्सर विकायच्या. जिन्यावरून वर येणारं माणूस पाय टेकवतंय न टेकवतंय, तोच बाई हसून म्हणायच्या, "ताई, नुसतं बघा हं. घेऊ नका." मग भांड्यात बर्फ, गाजर, शेंगदाणे, हाताला लागेल ते पडायचं, घर्रर्र व्हायचं आणि 'घेऊ नका' असं बजावलेलं माणूस खोकं काखोटीला मारून खाली उतरायचं.

पुढे ते दुकान बंद पडलं. तोवर बाईंनी घरबसल्या अभ्यास करून पदवी पदरात पाडून घेतली होती. नेमकं त्याच सुमारास जवळच्या शाळेत नववीला 'विपणन' नावाचा नवा विषय आला होता आणि तो शिकवायला कोणी पुढे येईना. पहिलं वर्ष तो खेळाच्या सरांच्या गळ्यात पडला. सरांनी वर्षभर त्या तासाला मुलांना मैदानावर पळवलं आणि परीक्षेच्या तोंडावर व्याख्या पाठ करून घेतल्या. निकाल उत्तम लागला. तरीही सरांनी हात जोडले, आणि जागा बाईंना मिळाली.

बाईंबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आयुष्यभर लोकांना वस्तू विकलेल्या या बाईला स्वतःला कोणीही, काहीही विकू शकत असे. दारावर कोणी आलं, रस्त्यात कोणी चटई पसरली, बसस्टॉपवर कोणी पिशवी उघडली, की बाई थांबल्याच. घरात मोजे वाळत घालायचं झाड होतं, बाटलीचा तळ घासायचे तऱ्हेतऱ्हेचे ब्रश होते, आणि जिचं काय करायचं हे कोणालाच आठवत नव्हतं अशी एक पितळी कळ होती. त्यांचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. बोलायचे कमी आणि खरेदी करायचेच नाहीत.

"अगं, हे काय आणलंस?" ते विचारायचे.

"सफरचंदाचं साल काढायचं यंत्र."

"आपण साल काढतो?"

"आता काढू ना."

यजमान पुढं काही बोलत नसत. एकदा मात्र त्यांनी सरळ विचारलं, की तुला ही सगळी बोलण्यातली मखलाशी आतून-बाहेरून माहीत असताना तू फसतेस कशी? बाई म्हणाल्या, "फसत नाही हो. विकणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं मला बघवत नाही."

तर अशा या बाई नववीच्या वर्गात विपणन शिकवायला उभ्या राहिल्या, आणि पहिल्या सत्रात सपशेल आपटल्या. त्या पुस्तक उघडून शिकवायच्या आणि मुलं डोळे उघडे ठेवून झोपायची. एकदा त्यांनी विचारलं, "सांगा बघू, विपणन म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ग्राहकांच्या गजरा ओळखून त्या पूर्ण करण्याची प्रक्रिया."

"काय ओळखून?"

"गजरा, बाई!"

बाईंनी पुस्तक बघितलं. छापणाऱ्यानं 'गरजा'च्या जागी 'गजरा' करून ठेवला होता, आणि सगळा वर्ग तो गजरा बिनबोभाट डोक्यात माळून बसला होता. कुणाच्याही मनात आलं नव्हतं, की ग्राहकाच्या गजऱ्याचं आपण करायचं काय?

बाईंनी पुस्तक मिटून टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाल्या, "मंडळी, आता आपण खरंच काहीतरी बनवू आणि खरंच विकू."

मुख्याध्यापकांच्या खोलीत घोडं अडलं. "बाई, ही शाळा आहे की बाजार?"

"एक दिवस बाजार, सर. बाकी वर्षभर शाळाच."

मुख्याध्यापकांनी छताकडे बघत विचार केला. मग म्हणाले, "आग नको, तेल नको, आणि प्राणी तर अजिबात नकोत." प्राण्यांचं काय झालं होतं ते बाईंनी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखा मुख्याध्यापकांचा चेहराही नव्हता.

ठरलं ते असं. मुलांनी गट करायचे. प्रत्येक गटानं एक चिठ्ठी उचलायची, आणि चिठ्ठीत लिहिलेल्या माणसांच्या उपयोगाची एक वस्तू तयार करायची. मग सत्र संपताना शाळेचा 'खुला दिवस' असतो, पालक आणि आजूबाजूचे लोक शाळा बघायला येतात, त्या दिवशी सभागृहात टेबलं मांडून ती विकायची. फळ्यावर बाईंनी एवढंच लिहिलं: आधी विचारा, मग बनवा, मग विका.

गट करा म्हटल्याबरोबर पहिल्या बाकावरच्या मॉनिटरनं हुशार मुलं टिपून घेतली. बाकीचेही आपापल्या दोस्तांना चिकटले. शेवटी चौघं उरली, ज्यांना कोणी घेतलंच नव्हतं. त्यातला एक होता वकील. काहीही सांगा, तो म्हणायचा, "पण बाई, समजा की..." दुसरा रंगारी, जो वह्या, बाक, स्वतःचा हात, सगळ्यावर चित्रं काढायचा. तिसरी उशिरा. हे तिचं खरं नाव नव्हे, पण रोज पहिला तास अर्धा झाल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? आणि चौथी मौनी. ती मुकी नव्हती, पण गेल्या वर्षभरात हजेरीच्या 'हजर' पलीकडे तिचा शब्द कुणी ऐकलेला नव्हता.

या चौघांच्या चिठ्ठीत निघालं: म्हातारी माणसं.

पुढच्याच तासाला चौघं एक भलंमोठं चित्र घेऊन हजर. उशिरासुद्धा वेळेवर आली होती, म्हणजे काहीतरी घडलं होतं. चित्रात एक काठी होती. काठीला टॉर्च होता, रेडिओ होता, घंटा होती, मध्येच उघडणारी छत्री होती, पाण्याची बाटली ठेवायला कडं होतं, आणि मुठीवर एक छोटा आरसा होता.

"आरसा कशाला?" बाईंनी विचारलं.

"मागून कोण येतंय ते बघायला," वकील म्हणाला. "पण बाई, समजा की मागून बस आली..."

"बरं. कोणाकोणाला विचारलंत?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे, आम्हा चौघांना."

बाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात बर्फ, गाजर, शेंगदाणे असं म्हटलं आणि डोळे उघडले. "शनिवारी शाळा सुटली की माझ्या घरी या," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना विचारू."

सासूबाई म्हणजे एक प्रकरण होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये फोन जोडण्यात आणि तोडण्यात घालवली होती, त्यामुळं समोरच्याचं बोलणं नेमकं कुठं तोडायचं ते त्यांना अचूक कळायचं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हातात काठी आली होती. काठीचा त्यांना राग होता, पण काठीवाचून चालतही नव्हतं.

मुलांनी टेबलावर चित्र पसरलं. सासूबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ही काठी आहे की रेल्वे स्टेशन?"

रंगारी खट्टू झाला. वकील पुढं सरसावला. "आजी, अंधारात टॉर्च लागेल ना?"

"अंधारात मी घरात असते."

"मग रेडिओ?"

"घरात सून आहे."

स्वयंपाकघरातून बाईंचं "ऐकू येतंय हं, आई!" आलं. सासूबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. "आणि ह्या सगळ्या लटांबराचं वजन किती होईल?"

हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग आजी, तुम्हाला काय हवंय?" उशिरानं विचारलं.

"माझी काठी पडते. तेवढं बघा."

त्यांनी करूनच दाखवलं. काठी टेबलाला टेकवली. क्षणभर राहिली, मग सरकत सरकत गेली आणि फरशीवर खाडकन आपटली. रंगारीनं उचलून दिली. भिंतीला टेकवली, भिंतीवरून घसरली. खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि सासूबाई खुर्चीत बसल्याबरोबर धक्का लागून पडली. "बँकेत पडते, दवाखान्यात पडते. पडली की सगळे वळून बघतात, आणि मग वाकायचं. अरे, वाकता येत असतं तर काठी कशाला घेतली असती?"

या वेळी वकिलानं वाकून काठी उचलून दिली. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं आणि आजचा धडा झाला असं समजून सरबताचे पेले बाहेर आणले. सरबत ढवळायला प्रत्येकाला वेगळ्या रंगाची, स्वतःच गोल फिरणारी एकेक दांडी होती. यजमान कोपऱ्यात बसून आपलं सरबत चमच्यानं ढवळत होते.

त्यानंतरचे काही दिवस चौघांनी जिथं म्हणून काठ्या पडतात तिथं बैठक मारली. दवाखान्याच्या बाहेरची बाकडी, वाचनालय, पोस्ट. रंगारी पडणाऱ्या काठ्यांची चित्रं काढायचा. वकील आजोबांना धारेवर धरायचा, "तुम्ही अशी का टेकवलीत, तशी का नाही?" उशिरा सगळं आटोपल्यावर पोचायची आणि काय झालं ते इतरांना पुन्हा सांगायला लावायची, त्या पुन्हा सांगण्यातच बऱ्याचदा नवं काहीतरी निघायचं. मौनी नुसती बघत बसायची.

मग शाळेच्या कार्यशाळेत खटपट सुरू झाली. कल्पना सोपी होती. टेबलाच्या कडेला बसेल असा एक चिमटा, आणि त्याच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराची खाच. खाचेत काठी टेकवायची की झालं. पहिला नमुना सासूबाईंच्या टेबलाला लावला, तर काठी पडली आणि चिमट्यालाही बरोबर घेऊन गेली. दुसऱ्या नमुन्यानं काठी अशी काही धरली, की सासूबाईंनी ओढली तरी सुटेना. यजमानांना हातोडी घेऊन यावं लागलं. "छान," सासूबाई म्हणाल्या, "आता काठी टेबलाची झाली. मी घरीच बसते." तिसऱ्या वेळी मात्र काठी राहिली. मुलांनी टेबल हलवलं, शेजारी उड्या मारल्या, वकिलानं तर काठीशी वादही घातला. काठी ढिम्म. सासूबाईंनी दोन बोटांनी उचलली, अलगद निघाली. परत ठेवली, परत राहिली. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून बाईंना उगाचच खोकला आला.

नावावरून मात्र जुंपली. वकिलाला हवं होतं 'सुपर स्टिक होल्डर'. रंगारीनं तर जाहिरातीचा फलकही रंगवून आणला, सोनेरी अक्षरांत: 'वृद्धांसाठी वरदान!'

सासूबाईंनी फलक वाचला. "वृद्ध कोण?"

रंगारीनं नकळत त्यांच्याकडे बोट केलं.

"मी वृद्ध नाही. माझे गुडघे वृद्ध आहेत. त्यांना वाचता येत नाही, मग हा फलक कोणासाठी?"

रंगारीनं फलक उलटा केला. नाव काय ठेवायचं यावर पुन्हा कलकलाट सुरू झाला, तेवढ्यात कुठून तरी एक आवाज आला, "टेकू."

सगळ्यांनी माना वळवल्या, कारण आवाज ओळखीचा नव्हता. उशिरा तर दाराकडे बघायला लागली, कोणी आलं की काय म्हणून.

"काय म्हणालीस?" बाईंनी मौनीला विचारलं.

मौनी लाल झाली होती. पण ती पुन्हा म्हणाली, "टेकू."

वकिलानं हरकत घ्यायला श्वास घेतला, हरकत सापडली नाही, आणि श्वास तसाच सोडून दिला.

खुला दिवस उजाडला. सभागृहात टेबलं लागली, कागदी पताका लागल्या. सकाळीच बाईंनी सगळ्या वर्गासमोर जाहीर केलं होतं, "मी कोणाकडूनही काहीही घेणार नाही. मी घेतलं तर ती वस्तू चांगली आहे असं सिद्ध होत नाही." वर्ग खो खो हसला, कारण बाईंची ख्याती तिथवर पोचली होती. तरी स्वतःवर भरवसा नसल्यामुळं त्यांनी यजमानांना सुट्टी घ्यायला लावून पहाऱ्यावर आणलं होतं. बाईंची पर्स यजमानांच्या खांद्यावर होती.

मॉनिटरच्या गटाच्या चिठ्ठीत लहान मुलं आली होती. त्यांनी डब्याचं असं झाकण केलं होतं, की ज्यावर भिंगरी फिरते आणि डबा संपेपर्यंत मूल जागेवरून उठत नाही. त्यांचं घोषवाक्य होतं, गणवेश होता, आणि टेबलासमोर ही गर्दी. दुपार व्हायच्या आत त्यांचा माल संपला. बाई तिथून जाताना त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला, पण पर्स यजमानांकडे होती.

टेकूच्या टेबलापाशी वेगळंच चाललं होतं. काठीवाले आजी-आजोबा यायचे, थांबायचे, टेकूत काठी टेकवून बघायचे, हसायचे. "वा, कसं सुचलं हो तुम्हाला!" म्हणायचे. आणि मग पुढं? "माझ्या थोरल्या भावाला सांगते हं. त्याला फार लागेल." थोरले भाऊ, वरच्या मजल्यावरच्या बाई, ऑफिसातले जुने साहेब, अशी सगळ्यांच्या ओळखीत टेकूची गरज असलेली माणसं होती. समोर उभं असलेलं माणूस तेवढं सोडून.

"पण आजोबा, आत्ताच तर तुमची काठी पडली," वकील एकाला म्हणाला. "मी बघितली."

"ती मी मुद्दाम ठेवली होती," आजोबा म्हणाले आणि निघून गेले.

सासूबाई आल्या. चौघांचे चेहरे उजळले. सासूबाईंनी टेबलाभोवती एक फेरी मारली, मान डोलावली आणि चालू लागल्या. बाई धावत गेल्या. "अहो आई, तुम्ही तरी घ्या ना एखादा! पोरं आशेनं बघताहेत."

"घरचा आहे की माझा. तिसऱ्या नमुन्याचा," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो नसता, तरी इथं चारचौघांत काठीवाल्यांच्या रांगेत उभी राहिले नसते. तू राहिली असतीस?"

बाई थबकल्या. खरं तर हे त्यांना कळायला हवं होतं. सरकत्या जिन्यापाशी मिक्सर बघायला कोण यायचं आणि पाकीट कोण काढायचं, ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. फळ्यावर 'आधी विचारा' लिहिताना कोणाला विचारा एवढं त्यांनी सांगितलं होतं. विकायचं कोणाला, ते सांगायचं राहून गेलं होतं. चौघं पोरं गिऱ्हाईक नसलेल्या टेबलामागं कानकोंडी होऊन उभी होती. रंगारी टेकूंना उगाच डोळे आणि मिशा काढत होता. बाईंना ते बघवेना. त्या यजमानांकडे वळल्या आणि हात पुढं केला.

यजमानांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "नियम तुझाच आहे," ते म्हणाले.

बाईंनी हात मागं घेतला. मिक्सर विकायच्या दिवसांतही त्यांना इतकं जड गेलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले सलूनवाले काका आले. त्यांची पुतणी पाचवीत होती, तिचं हस्तकलेचं घर बघून ते चालले होते. टेकू दिसला तसे थबकले. त्यांच्या हातात काठी नव्हती, म्हणून वकिलानं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. काकांनी टेकू उचलला, दाबून बघितला, टेबलाला लावला, काढला, परत लावला.

"हे खुर्चीच्या हाताला बसेल?" त्यांनी विचारलं.

"पण काका, तुम्हाला काठी कुठंय?" वकील म्हणाला. "आणि समजा की..."

त्याचं वाक्य तिथंच संपलं, कारण टेबलाखाली मौनीनं त्याच्या पायावर पाय दिला होता. ती पुढं झाली.

"खुर्चीचा हात किती जाड आहे?" तिनं विचारलं.

काकांनी बोटांनी दाखवलं. "सकाळच्या वेळी सगळी काठीवाली मंडळी येतात बघ. खुर्चीत बसले की काठी आरशाखालच्या फळीला टेकवतात, आणि मी इकडं वस्तरा धरला की तिकडं धाडकन! परवा एकांची एका बाजूची मिशी गेली. मग दुसऱ्या बाजूचीही काढावी लागली. अजून बोलत नाहीत माझ्याशी."

"हात लाकडाचा आहे का लोखंडाचा?"

"लोखंडाचा. वरून रेक्झिन."

"मग रबर जरा जाड लावावं लागेल. प्रत्येक खुर्चीला करून देऊ?"

"दे की. आणि बाकड्यालाही दे."

काका पुढं गेले. मौनीनं वळून बाकीच्यांकडे बघितलं. वर्षभराचं बोलणं तुंबलेलं असावं, तसं तिचं तोंड सुटलं. "आपण काठीवाल्यांना विकतोय. टेबलवाल्यांना विकायला हवं. काठी ज्याची पडते त्याला लाज वाटते, पण ज्याच्याकडे पडते त्याला त्रास होतो. तो घेईल. वाचनालयातल्या बाई मघाशी इथंच होत्या, दवाखान्यातल्या ताईंचा मुलगा सातवीत आहे. चल ना, बघत काय बसलायस?"

शेवटचं वकिलाला होतं, आणि वकील मुकाट्यानं चालू लागला.

पुढच्या तासाभरात चौघांनी सभागृह पिंजून काढलं. वाचनालयातल्या बाई सापडल्या, दवाखान्यातल्या ताई सापडल्या. मुख्याध्यापकांनीही आपल्या खोलीबाहेरच्या बाकासाठी टेकू मागितला, अर्थात 'आवाज होऊ नये म्हणून', म्हाताऱ्यांसाठी नव्हे. उशिरा एका पोस्टमनकाकांच्या मागं थेट रस्त्यापर्यंत पळत गेली आणि त्यांना परत घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोणाला तरी वेळेत गाठलं होतं.

बाई खांबाला टेकून हे सगळं बघत होत्या. कुणाला काही सांगावं असं त्यांना वाटत होतं, पण शेजारी यजमानच होते. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "हे मी शिकवलेलं नाही."

"हं," यजमान म्हणाले. त्यांच्या बाबतीत हे भाषणच होतं.

गुण देताना बाईंनी पहिला क्रमांक मॉनिटरच्या गटाला दिला. त्यांनी विचारलं होतं, बनवलं होतं आणि सगळं विकलं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. वकिलानं मुख्याध्यापकांकडे अपील केलं. मुख्याध्यापकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, फेटाळलं, आणि जाता जाता बाकाला लावलेला टेकू नीट बसवून घेतला.

खरी गंमत नंतरच होती. मागितलेले टेकू बनवायचे होते. पहिला बनवताना सगळ्यांना हुरूप होता, पण तोच तोच परत परत करताना चौघं कंटाळून गेली. रबर कापून कापून बोटं दुखली. रंगारीला प्रत्येक टेकूवर वेगळं तोंड काढायचं होतं, आणि काकांनी बजावलं होतं की सगळे एकसारखे हवेत, नाहीतर गिऱ्हाईकं आवडत्या तोंडासाठी भांडतील. एकदा तर चौघांचा अबोला झाला. पण तो टिकला नाही, कारण मौनी आता बोलणं थांबवायला तयार नव्हती. बाई रोज शाळा सुटल्यावर कार्यशाळेत येऊन बसायच्या. मदत करायच्या नाहीत, नुसत्या दुकानातल्या गमती सांगायच्या. हसता हसता सगळे टेकू बनवून झाले.

बसवायला सगळे सलूनमध्ये गेले. काकांनी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. टेकू नीट बसले. एक आजोबा आत आले, खुर्चीत बसले, काठी टेकवली आणि आरशात बघून दाढी कुरवाळू लागले. काठीकडे त्यांनी बघितलंही नाही. "बघा," मौनी कुजबुजली, "त्यांना कळलंसुद्धा नाही." यापेक्षा मोठी शाबासकी नसते हे बाईंना माहीत होतं.

दुसऱ्या खुर्चीच्या टेकूवर मात्र काकांनी लगेच ओला टॉवेल वाळत घातला. रंगारीला ते फार लागलं. "तो काठीसाठी आहे, काका!"

"काठी आली की टॉवेल काढीन की," काका म्हणाले. "बस खुर्चीत. तुम्हा पोरांचे केस आज माझ्यातर्फे."

वकील आधी बसला. काका गोड बोलत होते, कात्री चालत होती, आणि वकील मान हलवून हो हो म्हणत होता. उठला तेव्हा डोक्यावर मधोमध एक कोंबड्यासारखा तुरा आणि बाजूला सगळी सपाट जमीन. त्यानं आरशात बघितलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"चांगलं दिसतंय," वकील म्हणाला, आणि ते पटवून देण्यासाठी काही बोलणार होता, पण राहू दे म्हणून त्यानं टोपी घातली.

परत निघाले तेव्हा पुढं काय करायचं यावर चौघांची चर्चा झाली. उशिराला धंदा वाढवायचा होता, रंगारीला टेकूचा कंटाळा आला होता, मौनीला वादविवाद स्पर्धेत नाव द्यायचं होतं आणि त्यासाठी जोडीदार म्हणून वकील हवा होता. चौकापर्यंत येईतो गट मोडला, कोणालाही फारसं वाईट न वाटता. चौघं चार वाटांनी गेली. उशिरा मात्र जरा वेळ तिथंच घुटमळली, मग बसमागं धावली.

बाई एकट्याच चालत घरी निघाल्या. त्यांना जरा चुटपुट लागली होती, आणि जरा बरंही वाटत होतं. उद्या पहिलाच तास आठवीचा होता, आणि आठवीला त्या भूगोल शिकवायच्या, कारण भूगोलाच्या बाई रजेवर होत्या. नद्यांची नावं त्यांना अजून पाठ नव्हती. रस्ता ओलांडता ओलांडता त्या पुटपुटू लागल्या.